सांगोल्याचे अकरा विजय आणि दोन पराभव

राज्यशास्त्र शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. तिला सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याचे दिवंगत आमदार, शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) गणपतराव देशमुख यांच्या राजकीय कारकिर्दीवर प्रकल्प करायचा आहे. हाताशी लागलेल्या बहुतेक लेखांत तिला एकच गोष्ट सापडली: एसटीनं प्रवास करणारे साधे आमदार, आयुष्यभर एकच पक्ष, एकच मतदारसंघ, अकरा वेळा विजय. ती विचारते, "साधेपणावर माणूस अकरा वेळा निवडून येतो का? नसेल तर खरं कारण कुठं शोधायचं? आणि २०२४ मध्ये त्यांचा नातू निवडून आला, त्याचं श्रेय कुणाला द्यायचं?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. नाही. साधेपणा खरा होता, त्याबद्दल त्यांच्या विरोधकांनीही कधी शंका घेतली नाही. पण साधे उमेदवार महाराष्ट्रात शेकड्यानं पडलेले आहेत. सोलापूर जिल्ह्यातल्या निवडणुकांवर मी तीस वर्षांहून अधिक काळ लिहितो आहे, आणि माझं ठाम मत असं की साधेपणाच्या कौतुकानं गणपतरावांचं मोठं नुकसान केलं. त्यांचं काम त्या कौतुकाखाली झाकलं गेलं. माणूस चांगला होता म्हणून लोकांनी निवडून दिलं, एवढ्यावर लेख संपतो आणि त्यांनी पन्नास वर्षं काय केलं हे कुणी विचारतच नाही.

आधी नोंद सरळ करून घ्या, कारण इथंच बहुतेक लेख चुकतात. ते अकरा वेळा निवडून आले हे बरोबर, पण सलग नाही. १९६२ आणि १९६७ मध्ये विजय. १९७२ मध्ये पराभव. १९७४ च्या पोटनिवडणुकीत विजय. मग १९७८, १९८०, १९८५ आणि १९९०. १९९५ मध्ये पुन्हा पराभव. आणि त्यानंतर १९९९, २००४, २००९, २०१४. मोजून पाहा, अकरा होतात. 'पंचावन्न वर्षं आमदार' असंही सर्रास लिहिलं जातं. १९६२ ते २०१९ या काळातून सभागृहाबाहेरची वर्षं वजा केली तर सुमारे पन्नास उरतात. पन्नास हाही आकडा थोर आहे, तो फुगवायची गरज नाही.

या यादीत अभ्यासकानं आधी कुठं बोट ठेवायचं? मी म्हणेन, दोन पराभवांवर. विजय एकमेकांसारखे दिसतात. पराभव झाल्यावर उमेदवार पुढची वर्षं कशी काढतो, यात त्याच्या राजकारणाचा सांगाडा दिसतो.

पण त्याआधी पक्ष समजून घ्यावा लागेल. शेतकरी कामगार पक्ष १९४७-४८ च्या सुमारास काँग्रेसमधूनच फुटून निघाला. शंकरराव मोरे, केशवराव जेधे यांच्यासारखे बहुजन समाजातले मातब्बर पुढारी त्यात होते. १९५० मध्ये दाभाडीच्या अधिवेशनात पक्षानं मार्क्सवादाची वाट धरली, तो 'दाभाडी प्रबंध' आजही पक्षाचा पाया मानला जातो. पुढं जेधे आणि मोरे स्वतःच काँग्रेसमध्ये परतले. म्हणजे गणपतराव ज्या पक्षात उभे राहिले, त्याचे संस्थापक त्या वेळी पक्षात नव्हते. हा तपशील लहान वाटतो, पण 'पक्षनिष्ठा' हा शब्द वापरताना ध्यानात ठेवा. नेते सोडून गेल्यावरही गावोगावी लाल बावटा धरून राहिलेले कार्यकर्ते ही त्या पक्षाची खरी मालमत्ता होती, आणि गणपतराव त्या थरातून वर आले.

त्यांचा जन्म मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा. कायद्याचं शिक्षण घेऊन ते वकील झाले. पहिली निवडणूक जिंकली ती १९६२ ची, आणि ते वर्ष विरोधी पक्षांसाठी अत्यंत वाईट होतं. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समितीनं काँग्रेसला पश्चिम महाराष्ट्रात घाम फोडला होता. राज्य झाल्यावर समितीचं प्रयोजन संपलं आणि यशवंतराव चव्हाणांच्या काँग्रेसनं २६४ पैकी २१५ जागा घेतल्या. शेकापच्या वाट्याला १५ आल्या. त्या पंधरातली एक सांगोल्याची. म्हणजे सुरुवातच लाटेविरुद्ध झाली. १९६७ मध्ये पक्ष १९ जागांवर गेला, १९७२ मध्ये ७ वर आला, आणि त्या पडझडीत गणपतरावही पडले.

आता १९७२. ही निवडणूक मार्चमध्ये झाली. त्याच वर्षी पावसानं दगा दिला आणि १९७२-७३ चा दुष्काळ उभा राहिला, ज्याची आठवण सोलापूर, सांगली, नगर, बीड या पट्ट्यात अजून ताजी आहे. सांगोला हा मुळातच अवर्षणप्रवण तालुका. माण नदी बहुतेक वर्ष कोरडी. ज्वारी, बाजरी, खिल्लार जनावरं, मेंढ्या आणि पाऊस नाही आला तर बिऱ्हाड पाठीवर टाकून कामाच्या शोधात बाहेर. अशा तालुक्यात दुष्काळी कामं हाच संसाराचा आधार झाला. खडी फोडायची, पाझर तलावाची माती वाहायची, आठवड्याच्या पगाराची वाट पाहायची. कामं वेळेत सुरू व्हावीत, मजुरी नीट मोजली जावी, पगार थकू नये, यासाठी राज्यभर डाव्या पक्षांनी मोर्चे काढले. शेकाप त्यात आघाडीवर होता.

म्हणजे तालुक्याच्या सगळ्यात कठीण काळात गणपतराव आमदार नव्हते. आणि १९७४ च्या पोटनिवडणुकीत लोकांनी त्यांना परत पाठवलं. या दोन गोष्टी मी शेजारी शेजारी ठेवतो. पोटनिवडणूक साधारणपणे सत्तेतल्या पक्षाला सोपी असते, कारण सगळं मंत्रिमंडळ एका तालुक्यात येऊन बसू शकतं. तरीही निकाल विरोधी पक्षाच्या पराभूत उमेदवाराच्या बाजूनं लागला. माझ्या मते पुढचे सगळे विजय या एका निकालात बीजरूपानं आहेत. पद नसताना दुष्काळात कोण दिसलं, हे लोकांनी लक्षात ठेवलं होतं. तुमच्या प्रकल्पात या दोन वर्षांना एक पूर्ण प्रकरण द्या, असं मी आग्रहानं सांगेन. त्या काळात दुष्काळी कामांवर गेलेली माणसं आता सत्तरीपुढची आहेत. मुलाखती घ्यायच्या असतील तर याच वर्षी घ्या.

त्या दुष्काळातून रोजगार हमी योजना घट्ट झाली. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी तिचा आग्रह धरला, १९७५ मध्ये तिच्यासाठी व्यवसाय कर आला, १९७७ मध्ये विधिमंडळानं कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. तो लागू झाला तेव्हा राज्यात शरद पवारांच्या नेतृत्वाखालचं पुरोगामी लोकशाही दलाचं (पुलोद) सरकार होतं, आणि गणपतराव त्यात मंत्री होते. पुढं १९९९ मध्ये विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात ते पुन्हा मंत्री झाले तेव्हा त्यांच्याकडं पणनाबरोबर रोजगार हमीचं खातं आलं. खडी फोडणाऱ्यांच्या तालुक्याचा आमदार रोजगार हमीचा मंत्री होतो, या योगायोगात मला फार मोठा अर्थ दिसतो.

त्यांच्या मंत्रिपदांवर मी याहून जास्त वेळ घालवणार नाही, तुम्हीही घालवू नका. दोन्ही वेळा मुदत अपुरी राहिली. पुलोद सरकार फेब्रुवारी १९८० मध्ये केंद्रानं बरखास्त केलं. २००२ मध्ये रायगड जिल्हा परिषदेच्या राजकारणातून राष्ट्रवादी काँग्रेसशी बिनसलं, शेकापनं सरकारचा पाठिंबा काढला आणि दुसरं मंत्रिपदही गेलं. पन्नास वर्षांच्या कारकिर्दीत मंत्रिपदाची वर्षं जेमतेम चार-साडेचार. बाकी जवळजवळ सगळा काळ विरोधी बाकांवर किंवा सत्तेच्या काठावर. म्हणून खरा प्रश्न असा विचारायला हवा: सत्ता नसलेला आमदार तालुक्यासाठी काय मिळवू शकतो?

याचं उत्तर विधानसभेच्या कामकाजात आहे. बाहेरच्यांना आमदाराचं काम म्हणजे भाषण वाटतं. आत बसणाऱ्यांना ठाऊक असतं की लहान पक्षाच्या आमदाराला भाषणाची वेळ पक्षाच्या संख्याबळाप्रमाणं मिळते, आणि पाच-सात जणांच्या पक्षाला ती मिनिटांत मोजून मिळते. मग तो इतर आयुधं वापरतो. तारांकित प्रश्न हे पहिलं. प्रश्न स्वीकारला गेला की खात्याला लेखी उत्तर छापून द्यावं लागतं, आणि उपप्रश्नांत मंत्र्याला उभं राहून खुलासा करावा लागतो. मग लक्षवेधी सूचना, तातडीच्या विषयावर मंत्र्याचं निवेदन मागणारी. मग उत्तरानं समाधान झालं नाही तर अर्ध्या तासाची चर्चा. अर्थसंकल्पी मागण्यांवर कपात सूचना, म्हणजे रक्कम कमी करा असं सुचवून त्या खात्याचा विषय काढणं. आणि या सगळ्यांतून मंत्र्याच्या तोंडून बाहेर पडलेलं आश्वासन, जे नंतर आश्वासन समितीपुढं जातं. सभागृहात दिलेलं आश्वासन सरकारला सहजासहजी विसरता येत नाही, कारण विचारणारा दर अधिवेशनात तेच विचारू शकतो. मार्चमध्ये मुंबईत विचारलं, डिसेंबरमध्ये नागपुरात पुन्हा विचारलं, पुढच्या मार्चमध्ये परत.

असं काम करणाऱ्याला तीन गोष्टी लागतात: नियमांची पुस्तकं पाठ असणं, सभागृहात रोज हजर असणं आणि न कंटाळणं. गणपतरावांकडं तिन्ही होत्या. विधानसभेत त्यांच्याकडं सगळ्या पक्षांचे सदस्य ज्येष्ठ म्हणून पाहत. नवा आमदार नियमात अडकला की त्यांच्याकडं जाई. २०१२ मध्ये त्यांच्या विधिमंडळातल्या पदार्पणाला पन्नास वर्षं झाली तेव्हा सर्वपक्षीय गौरव झाला, तो या कामाचा होता. एसटीतली आमदारासाठीची राखीव जागा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते, प्रश्नोत्तरांच्या छापील याद्या ग्रंथालयात धूळ खात पडतात. तुम्ही त्या याद्या उघडा. एका अधिवेशनात त्यांनी किती प्रश्न विचारले, त्यातले पाण्याचे किती, रोजगार हमीचे किती, आणि तोच विषय किती वर्षांनी परत आला, एवढं जरी मांडलंत तरी आजवरच्या बहुतेक लेखांपेक्षा जास्त सांगितलं असं होईल.

पाण्याचा विषय सगळ्यात मोठा आहे, म्हणून इथं थोडं थांबतो.

सांगोल्याला पाणी दोन बाजूंनी येऊ शकतं. एक नीरा उजव्या कालव्यानं, जो माळशिरस, पंढरपूर करत सांगोल्याकडं येतो. सांगोला त्याच्या शेपटाला. कालव्याच्या शेपटाला राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको: वरच्या बागायती तालुक्यांची तहान भागल्यावर उरलं तर मिळतं, आणि टंचाईच्या वर्षी काही उरत नाही. दुसरी बाजू कृष्णेची. कृष्णा सांगली-साताऱ्यातून वाहते, सांगोला तिथून लांब आणि मधला भाग उंचावर. पाणी आणायचं तर उपसून आणावं लागतं, टप्प्याटप्प्यानं पंप लावून. कराड तालुक्यातल्या टेंभूपासून निघणारी टेंभू उपसा सिंचन योजना ती हीच. सातारा, सांगली आणि सोलापूर जिल्ह्यांतल्या दुष्काळी तालुक्यांत सुमारे ८० हजार हेक्टर भिजवण्याचा तिचा संकल्प, आणि सांगोला त्यातही शेवटच्या टोकाला.

ही योजना आपोआप आली नाही. १९७६ मध्ये कृष्णेचं पाणी राज्याराज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाचा अंतिम निर्णय झाला. महाराष्ट्राच्या वाट्याला आलेलं ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी राज्यानं अडवून वापरात आणायचं होतं, आणि ३१ मे २००० नंतर त्या वाटपाचा फेरविचार होऊ शकणार होता. म्हणजे वेळ निघून जात होती. तरी कृष्णा खोऱ्यातला पैसा नदीकाठच्या उसाकडं जास्त वळत होता. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारात लढलेले नागनाथअण्णा नायकवडी यांनी १९९३ पासून आटपाडीला दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा सुरू केल्या. सांगली, सातारा, सोलापूरमधले तेरा दुष्काळी तालुके एकत्र आले. गणपतराव आणि भारत पाटणकर हे त्या चळवळीचे आधारस्तंभ. मागणी अशी होती की ज्या गावात नदी नाही त्या गावालाही पाण्याचा हक्क आहे आणि ते समन्यायी पद्धतीनं वाटलं पाहिजे. 'समन्यायी पाणीवाटप' हा शब्द आज सरकारी कागदांत सहज दिसतो. तो तिथं पोचवायला आटपाडीच्या मंडपात हजारो माणसांना वर्षानुवर्षं बसावं लागलं.

१९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ झालं, टेंभूसारख्या योजनांना चालना मिळाली, मग पैसा संपला, कामं रेंगाळली, मग पाणी आलं पण विजेच्या बिलावरून पंप बंद पडले. सांगोल्याच्या शिवारात कृष्णेचं पाणी दिसायला एक पूर्ण पिढी लागली. हे मी मुद्दाम सविस्तर सांगतो आहे. आमदाराच्या एका मुदतीत, म्हणजे पाच वर्षांत, असं काम पूर्ण होत नाही. ज्याला पुढच्या निवडणुकीआधी दाखवायला काहीतरी हवं असतं तो रस्ता घेतो, सभामंडप घेतो, पाण्याच्या नादी लागत नाही. गणपतराव तीस वर्षांनी फळ देणाऱ्या कामाच्या मागं लागले आणि दर पाच वर्षांनी लोकांना हिशेब देत राहिले: यंदा सर्वेक्षण झालं, यंदा निधी मिळाला, यंदा बोगदा अडला. लोकांनी त्यांना दिलेली मतं या हिशेबावरचा विश्वास होता.

पाणी येईपर्यंत लोकांनी जगायचं कशावर? इथं दोन गोष्टी आल्या. एक डाळिंब. १९९० च्या सुमारास रोजगार हमीला फळबाग लागवडीची जोड मिळाली, खड्डे खणण्यापासून रोपांपर्यंत शासनाचं अनुदान मिळू लागलं, आणि सांगोल्याच्या माळरानावर डाळिंब उभं राहिलं. कमी पाणी, ठिबक आणि शेतकऱ्याची राबणूक यांवर गणेश आणि मग भगवा या वाणांनी तालुक्याचं रूप पालटलं. हे श्रेय मी एका माणसाला देणार नाही. योजना सरकारची, कष्ट शेतकऱ्यांचे. तेल्या रोगानं आणि पुढं खोडकिडीनं त्याच बागा कशा उद्ध्वस्त केल्या तेही तालुक्यानं पाहिलं आहे.

दुसरी गोष्ट मात्र थेट त्यांची: सांगोल्याची शेतकरी सहकारी सूतगिरणी. सोलापूर जिल्ह्यातल्या पुढाऱ्यांची ताकद साखर कारखान्यातून येते. कारखाना म्हणजे सभासद, कर्ज, ऊसतोड, नोकऱ्या आणि मतं. पण कारखान्याला ऊस लागतो, उसाला पाणी. गणपतरावांनी पाण्यावर न अडणारा उद्योग निवडला. महाराष्ट्रात सहकारी सूतगिरण्यांची अवस्था काय झाली ते सर्वज्ञात आहे, किती बंद पडल्या आणि किती फक्त कागदावर राहिल्या. सांगोल्याची चालली, आणि चांगली चालली. काटकसर हा त्यांचा खासगी गुण लोक सांगतात. मला तो गिरणीच्या ताळेबंदात जास्त महत्त्वाचा वाटतो. स्वतःच्या पैशाची काटकसर अनेकांना जमते, संस्थेच्या पैशाची काटकसर फार थोड्यांना.

आता थोडं अवघड बोलतो, कारण प्रकल्प अभ्यासाचा आहे.

जातीचं गणित टाळू नका. गणपतराव धनगर समाजातले होते, आणि सांगोला तालुक्यात धनगर समाज मोठ्या संख्येनं आहे. तो त्यांचा पाया होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तेवढ्यानं काम भागत असतं तर १९७२ आणि १९९५ चे पराभव झाले नसते. राज्यात धनगर समाज मोठा असलेले इतरही मतदारसंघ आहेत, तिथं एकाच माणसाला अर्धशतक साथ मिळाली असं झालेलं नाही. मराठा, दलित, मुस्लिम, माळी अशा सर्व समाजांतली मतं त्यांना मिळत गेली, ती कशामुळं, हा खरा अभ्यासाचा विषय.

मित्रपक्षांचं गणितही टाळू नका. शेकाप एकट्याच्या बळावर शेवटच्या काळात सांगोला जिंकत नव्हता. तालुक्यात राष्ट्रवादीचा एक गट होता, दीपक साळुंखे-पाटील यांचा, आणि दुसऱ्या बाजूला शहाजीबापू पाटील. तिघांपैकी कोणते दोघे एकत्र येतात यावर निकाल फिरे. १९९५ मध्ये काँग्रेसचे शहाजीबापू गणपतरावांविरुद्ध जिंकले ते अवघ्या १९२ मतांनी. २०१९ मध्ये गणपतरावांनी वयामुळं उभं राहायचं नाही असं ठरवलं, पक्षानं त्यांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख यांना उभं केलं, साळुंखे शहाजीबापूंच्या बाजूनं गेले, आणि शिवसेनेकडून उभे असलेले शहाजीबापू ७६८ मतांनी जिंकले. चोवीस वर्षांच्या अंतरानं दोन निकाल, दोन्ही एका गावानं इकडं तिकडं केलं असतं तर उलटे लागले असते. त्यामुळं 'सांगोला म्हणजे गणपतराव' हे वाक्य प्रकल्पात लिहू नका. सांगोल्यात त्यांना कायम तुल्यबळ विरोध होता. त्या विरोधातून अकरा वेळा वाट काढली, म्हणून ते मोठे.

आणि त्यांची मर्यादाही लिहा. पक्ष वाढला नाही. १९७८ मध्ये शेकापचे १३ आमदार होते, १९९० मध्ये ८, १९९९ मध्ये ५, २००४ मध्ये फक्त २, आणि त्या दोघांत एक गणपतराव. रायगड आणि सांगोला तेवढे उरले, मराठवाड्याचा, बाकीच्या सोलापूरचा, नाशिकचा पट्टा हळूहळू हातातून गेला. दाभाडी प्रबंधाचा पक्ष शेवटी एका-दोन घराण्यांभोवती उरला, आणि सांगोल्यातही उमेदवारी घरातच गेली. याची सगळी जबाबदारी त्यांच्यावर टाकणं अन्यायाचं होईल. साखर कारखाने आणि जिल्हा बँका हाती असलेल्या काँग्रेसपुढं, आणि १९९० नंतर शिवसेना-भाजपपुढं सगळेच डावे पक्ष आक्रसले. पण एका तालुक्यात जी पद्धत त्यांनी पन्नास वर्षं चालवली, ती शेजारच्या तालुक्यात का रुजली नाही, हा प्रश्न मला स्वतःला आजही छळतो. माझा अंदाज असा की ती पद्धत त्यांच्या रोजच्या हजेरीवर उभी होती, आणि हजेरी एकाच ठिकाणी लावता येते.

अभ्यासाच्या साधनांबद्दल थोडं. निवडणूक आयोगाचे १९६२ पासूनचे निकाल उपलब्ध आहेत, तिथून सुरुवात करा. गावनिहाय मतं हवी असतील तर नमुना २०, म्हणजे निवडणूक अधिकाऱ्याचं केंद्रनिहाय मतांचं निकालपत्रक, मागा, पण एक सावधगिरी बाळगा: मतपत्रिकांच्या काळात अनेकदा वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजत, त्यामुळं जुन्या निवडणुकांची गावनिहाय आकडेवारी कागदावर नसण्याची शक्यता मोठी. मग जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या निकालांवरून अंदाज बांधावा लागतो. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेनंतर पंढरपूर तालुक्यातला भाळवणी मंडळाचा भाग सांगोल्यात आला आणि लोकसभेला सांगोला पंढरपूरमधून माढ्यात गेला. २००४ आणि २००९ ची मतं थेट शेजारी ठेवून टक्केवारी काढाल तर चुकाल. विधानसभेच्या कार्यवाहीचे खंड मुंबईला विधानभवनाच्या ग्रंथालयात मिळतील. गिरणीचे वार्षिक अहवाल सांगोल्यात मागा. वर्तमानपत्रांची कात्रणं शेवटी वाचा, आधी नव्हे. आधी वाचलीत तर एसटीच्या गोष्टीतून बाहेर पडणं अवघड जातं. विरोधकांच्या कार्यकर्त्यांनाही भेटा. १९९५ मध्ये त्यांच्याविरुद्ध काम केलेला माणूस तुम्हाला जे सांगेल, ते समर्थकाकडून मिळणार नाही.

शेवटी २०२४. गणपतराव ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात, वयाच्या ९४ व्या वर्षी गेले. तीन वर्षांनी सांगोल्यातून शेकापचे डॉ. बाबासाहेब देशमुख, त्यांचे दुसरे नातू, २५ हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. राज्यभरात पक्षाला मिळालेली ती एकमेव जागा. आजोबांच्या पुण्याईवर जिंकले असं लिहिण्याचा मोह होईल. पण २०१९ मध्ये पुण्याई तीच होती, आजोबा हयात होते, प्रचारात होते, तरी नातू हरला होता. मधल्या काळात बदललं ते असं: शहाजीबापू एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेत गेले, २०२२ मध्ये गुवाहाटीच्या 'काय झाडी, काय डोंगार'मुळं राज्यभर गाजले, आणि साळुंखे उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेकडून स्वतः उभे राहिले. २०१९ मध्ये एकत्र आलेली मतं दोन ठिकाणी वाटली गेली. दोघांची २०२४ ची मतं एकत्र केली तर ती बाबासाहेबांच्या मतांपेक्षा जास्त भरतात.

म्हणजे विजयाचं एक कारण मतविभागणी हे नक्की. पण दुसरी बाजूही पाहा. तिरंगी लढतीत, ना महायुती ना महाविकास आघाडीची अधिकृत उमेदवारी, राज्यात जवळजवळ संपलेला पक्ष, आणि तरी त्याला एका तालुक्यात एक लाखाहून अधिक मतं पडतात. ती मतं २०१९ मध्येही ९८ हजारांच्या पुढं होती. नेता गेल्यावर त्याची मतं पहिल्याच निवडणुकीत पांगतात, हे मी अनेक तालुक्यांत पाहिलं आहे. सांगोल्यात ती जागच्या जागी राहिली. ती कोणत्या गावांत राहिली, त्या गावांत टेंभूचं पाणी पोचलं आहे का, सूतगिरणीचे सभासद किती आहेत आणि पक्षाची जुनी शाखा अजून भरते का, हे तपासायला २०२४ चा नमुना २० केंद्रनिहाय मिळतो. प्रकल्पाची सुरुवात मी तिथून केली असती.